टोन हाय का?

फोन दुरुस्त झाला की ते रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावत नसत. आमच्या कानाला लावत आणि विचारत, "टोन हाय का?" आतली बारीक घूंघूं ऐकून आम्ही हो म्हटल्यावरच हत्यारांची पिशवी बंद व्हायची.

टेलिफोन खात्यातल्या अशा एखाद्या माणसाची वाट तुम्हीही कधी पाहिली असेल. गुलमंडीजवळच्या आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात तर त्यांच्यावाचून पान निघत नसे. आमच्याकडे येणारे लाइनमन मूळचे फुलंब्रीचे. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. ते आम्हा सगळ्यांना, शिकाऊ वार्ताहरालाही, "सायब" म्हणत.

फोन बंद पडला की आम्ही म्हणायचो, तार तुटली. ते मान हलवायचे. "तार लवकर तुटत नसती सायब. जॉइंट जातो."

एकदा त्यांनी मला एक्स्चेंजमधलं एक यंत्र दाखवलं. जमिनीखालच्या केबलमध्ये ते सतत कोरडी हवा भरत होतं. "कुणी बोलो न बोलो, हवा चालू पायजे. हवा थांबली की पाणी शिरतं. मंग जॉइंट सडतो, अन् बोलणं बंद." मी बातमीसाठी लिहून घेतलं. बातमी काही झाली नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. मग पाय अडू लागले. मेंदूच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. "तुमी लिहून घ्या. माझ्या ध्यानात ऱ्हात नाय."

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. पुढचं माझ्या वहीत आहे: मोठ्या माणसाच्या मेंदूतले जोड आपोआप टिकत नाहीत. पेशी एकमेकींना सतत रासायनिक इशारे देत राहतात, त्यावर ते शाबूत राहतात. इशारे देणाऱ्या पेशी कमी झाल्या की जोड सुटत जातात आणि हालचाल अडते. गोळीने चालणं काही काळ सुधारेल. गेलेलं परत आणता येणार नाही.

"म्हंजे हवा बंद झाली म्हना की," मामा म्हणाले.

डॉक्टरांना समजलं नाही. मला समजलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

चालताना त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे थांबत. मात्र समोर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला पाऊल उचललं जाई. ही युक्ती फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितली होती. सिडकोतल्या घरात पलंगापासून फोनपर्यंत मामांनी पत्नीकडून काळ्या इन्सुलेशन टेपच्या सात पट्ट्या चिकटवून घेतल्या. घरात मोबाइल होते, पण तो जुना फोन त्यांनी काढू दिला नव्हता. दर रविवारी सकाळी दहाला मी फोन लावायचा आणि त्यांनी स्वतः चालत जाऊन तो उचलायचा, असं ठरलं.

"बोलायचं काय?" मी विचारलं.

"काय नाय. नुसती घंटा द्या."

मामींना फोनला हात लावायला बंदी होती.

"जन्मभर गावाचे फोन जोडले," मामी म्हणायच्या, "अन् घरचा उचलायला सात पावलं जाईनात."

"तू पट्ट्या पुसत जा. फोनला हात नको लावू."

एका रविवारी मी घरीच गेलो आणि त्यांच्या दारात उभा राहून मोबाइलवरून फोन लावला. चौथ्या पट्टीपाशी ते अडकले. फोन वाजत होता. मला राहवलं नाही. मी त्यांचं कोपर धरून ओढलं. पाय जागेवरच राहिले आणि ते गुडघ्यांवर पडले. मामींनी आणि मी त्यांना उठवून बसवलं.

"सायब," ते म्हणाले, "चालू लाइन वढायची नसती."

त्यानंतर मी रविवारी तिकडे गेलो नाही. फक्त फोन लावत असे आणि घंटा मोजत असे. सुरुवातीला ते सहाव्या घंटेला उचलत. पुढच्या वर्षी अकराव्या. मग घंटा संपून फोन कट होऊ लागला, आणि मी तो पुन्हा लावू लागलो. उचलल्यावर ते हॅलो म्हणत नसत.

"टोन हाय का?"

"आहे, मामा."

हळूहळू त्यांचा आवाजही बारीक झाला. शेवटी शेवटी नुसता श्वास ऐकू यायचा. मग मीच आपणहून सांगायचो, टोन आहे.

एका रविवारी तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तो पूर्ण वाजून बंद झाला. चौथ्यांदा लावावा, तर ते पलंगावरून पुन्हा उठणार. न लावावा, तर कदाचित कुठल्याशा पट्टीपाशी उभे असतील, घंटेची वाट पाहत. बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो. लावला नाही.

पुढच्या रविवारी दहा वाजता पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

मामी होत्या.

"सायब," त्या म्हणाल्या, "उचलणारा माणूस गेला. आता नका लावत जाऊ."