तिसरं कोटेशन

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत पद्माकर टिपणिसांना 'तीन कोटेशन' म्हणतात, आणि ते त्यांना ठाऊक नाही असं धरून सगळे चांगलं मोठ्यांदा म्हणतात. एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं घासलेला माणूस. तीन विक्रेत्यांची कोटेशनं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही, हा ऑफिसचा नियम त्यांनी घरी आणून असा पोसला, की कुकर बिघडला तेव्हा टिपणिसांकडे दोन महिने पातेल्यातला भात होता. लतिकावहिनी तर शेजारणींना सांगतात, "माझ्याआधी दोन मुली बघून झाल्या होत्या यांच्या. मी तिसरी, म्हणून जागेवर मंजूर!"

अशा माणसाला होडी घ्यायची होती.

होडीमागे होता खंडेराव. बांधकाम खात्यातला निवृत्त नकाशेवाला, विधुर, मुनीरक्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणारा, आणि टिपणिसांना 'पद्या' म्हणायची छाती असलेला दिल्लीतला एकमेव इसम. दोघं वीस वर्षं दर ऑक्टोबरात पाठीवर बोजा टाकून गढवालात चालायला जात. तिथे सडकेपासून दोन दिवसांच्या चालीवर एक नदी आडवी येते. रुंद, संथ, बर्फासारखी गार. पलीकडे गवताचा मोठा माळ. त्यांनी पहिल्यांदा पाहिली त्याच वर्षी तिथला पूल वाहून गेला होता, तो पुन्हा कोणी बांधला नाही. वीस वर्षं दोघं अलीकडे बसून वहिनींच्या दशम्या खात, माळाकडे बघत आणि माघारी येत.

यंदा जूनमध्ये डॉक्टरांनी खंडेरावाच्या छातीचा फोटो उजेडात धरला. "या ऑक्टोबरात हळूहळू जाऊन या. दिल्लीचा आणखी एक हिवाळा या फुप्फुसांनी काढला, तर पुढे चढाचं नाव काढू नका."

त्याच आठवड्यात खंडेरावाला फोनवर पॅकराफ्ट दिसली. हवा काढली की घडी होऊन पाठपिशवीत मावणारी होडी. वल्हं चार तुकड्यांचं. काठावर पोचायचं, हवा भरायची, बसायचं आणि पलीकडे उतरायचं.

"पद्या, ही घे. दोघांची घे."

"दोघांची साडेचार किलोच्या वर जाते. एकट्याची अडीच. दोरी बांधू, एकेक करून जाऊ."

"आणि मी एकटा पलीकडे उभा राहून काय करू? तुला टाटा करू?"

"तुझंही सामान यंदा मीच वाहणार ना? मग वजन नको बघायला?"

"बघ, बाबा. पण लवकर बघ."

टिपणिसांनी तक्ता आखला. वजन, कापडाची जाडी, किती भार पेलते, घडी केवढी, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. किंमत त्यात नव्हतीच; आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती वगळली होती, हे वहिनींनी वसाहतभर सांगितलं. जुलैअखेर दोन कोटेशनं आली. बंगळूरची होडी बळकट, पण सहा किलोंची. ऋषिकेशची दोघांची, चार किलो सहाशे, तळ जाड, घडी उशीएवढी. म्हणजे होडी सापडली होती. पण तिसरा, मनालीवाला, रोज फोनवर म्हणे, "आज भेजता हूँ, सर, बिल्कुल."

ऑगस्ट गेला.

"अहो, ऋषिकेशची चांगली आहे म्हणता ना? मग मागवा की!"

"दोनावर निर्णय होत नाही, लतिका."

"कोण तपासणार आहे तुमची फाइल? मी?"

सप्टेंबरही गेला. खंडेराव रोज संध्याकाळी फोन करी. "आली का रे होडी?" आधी हसून विचारी. मग नुसतंच विचारी. मग दोन शब्दांच्या मध्ये थांबून श्वास घेऊन विचारी. वसाहतीतल्या जिभा टिपणिसांना चिकट म्हणत. वहिनींचं मत निराळं, आणि ते त्यांनी फार कमी जणांना सांगितलं आहे: तक्ता अपुरा होता तोवर सहल पुढेच होती, आणि सहल पुढे होती तोवर खंडेराव बरा होता.

मनालीचं कोटेशन ऑक्टोबरच्या एकोणतीस तारखेला आलं. फक्त एकट्याच्या होड्या. 'डबल नहीं रखते, सर.' टिपणिसांनी रकाना भरला आणि त्याच मिनिटाला ऋषिकेशला फोन लावला.

तोवर दिल्लीवर दरवर्षीसारखी शेतातली काडं जाळल्याच्या धुराची राख पसरली होती. समोरची इमारत दिसेना. खंडेराव नऊ दिवस इस्पितळात राहून आला तो ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. मुलगी कृतिका पुण्याहून आली. डॉक्टरांनी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "इथून न्या. आणि डोंगर विसरायला सांगा."

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी होडी आली. टिपणीस ती पाठीवर घालून तिसरा मजला चढले. खोलीत बांधलेल्या खोक्यांच्या मधे त्यांनी ती पसरली, सोबत आलेल्या फुगवायच्या पिशवीने हवा भरत राहिले. पिवळीधमक होडी फुगून पलंगाला टेकली.

"बसतोस?"

कृतिकाने हात धरून बाबांना पुढच्या जागेवर बसवलं. नाकातली नळी काठावरून बाहेर मशीनपर्यंत गेली. टिपणीस मागे बसले. मशीन घरघरत होतं.

"वजन किती भरलं?" खंडेरावाने विचारलं.

"चार किलो सहाशे."

"ही तर जुलैतलीच."

टिपणिसांनी हवेचं झाकण पुन्हा आवळलं. खंडेरावाने समोरच्या खिडकीकडे बघितलं. तिच्यात करड्या हवेखेरीज काही नव्हतं.

"पलीकडचं काही दिसत नाही, पद्या," तो म्हणाला. मग मागे वळायचा प्रयत्न केला, तेवढ्यात दम लागला, आणि दोघं तसेच एकामागे एक बसून राहिले.

घरी येऊन टिपणिसांनी तक्ता काढला. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. ऑफिसात अशा वेळी आपल्याच विभागाचं नाव कधी लिहायचं नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं सांभाळलं होतं. त्यांनी लिहिलं: 'विलंब खरेदी विभागाकडून.' खाली सही केली, तारीख घातली.

होडी माळ्यावर आहे. वहिनी तिच्यावर काही ठेवू देत नाहीत.