हौदातली माहेरवाशीण

जलपर्णी आमच्या तलावात कुणी आणली यावर गावात अजून वाद होतो. कुणी म्हणतं मासोळीच्या बीजासोबत आली, कुणी म्हणतं वरच्या नाल्यातून वाहत आली. माझ्या सासूबाईंना असा काही प्रश्नच नव्हता. त्यांच्या मते ती आसरांनी पाठवली होती.

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. तलावाच्या मावळतीच्या कोपऱ्यात, करंजाच्या झाडाखाली, त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. पाण्यात कुणी बुडालं की आमच्याकडे ‘आसरांनी ओढलं’ म्हणतात आणि वाचलं तर ‘आसरांनी सोडलं’. माझा नवरा लहानपणी असाच सुटलेला. पाय घसरून खोल पाण्यात गेला होता, काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी लुगडं फेकून त्याला काढलं. एकुलता एक पोरगा. तेव्हापासून सासूबाई दर पुनवेला त्या दगडांची ओटी भरायच्या. पोरगा आपला नाही, त्यांचा आहे, आपल्याकडे नुसता सांभाळायला दिला आहे, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नवी नवरी असताना मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. मग माझं लग्न नक्की कुणाच्या माणसाशी लावून दिलं, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून जवळ, माझं माहेर दुसरबीडचं. जिल्हा एकच, पण ‘का’ विचारताना मी ‘काहून’ म्हटलं की इथे हसायचे आणि त्यांच्या ‘काऊन’ला मी हसायची. मी कोथिंबीर म्हणायची, इथे तिला सांबार म्हणतात. घर भाजीपाल्याचं. वांगी, मिरची, मेथी, सांबार, सगळं त्या तलावाच्या पाण्यावर. काठाला मोटर, मोटरीचा पाइप पाण्यात, आणि पाइपाच्या टोकाला जाळीची झडप. तिला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. लग्नानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, हा माणूस रोज संध्याकाळी फुटबॉल फुटबॉल काय करतो.

तर जलपर्णीचं पहिलं जांभळं फूल नेमकं त्या सात दगडांसमोर उमललं. नवरात्र होतं. गावच्या बाया बघायला गेल्या, मीही गेले. फूल देखणं होतं, हे मी आजही नाकारत नाही. वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. सासूबाईंनी तिथेच हात जोडले, आणि पुढच्या वर्षीपर्यंत तलावाचं निम्मं अंग हिरवं झालं.

मग दर उन्हाळ्यात साफसफाई सुरू झाली. पाणी खाली गेलं की गावची माणसं उतरायची. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा कमरेला, लांब दांड्याची दाताळी हातात. ओढून काठावर आणायचं, ट्रॉलीत भरून माळावर टाकायचं. उन्हात ती वाळून कोळ व्हायची. हात सोलायचे, अंगाला खाज सुटायची. जेवण आमच्या घरून जायचं, कारण तलावाला लागून सगळ्यात जास्त रान आमचं. भाकरी थापून थापून माझे हात दुखायचे, पण तलाव मोकळा दिसला की बरं वाटायचं. मोकळा म्हणजे एक कोपरा सोडून. आसरांच्या दगडांपुढची फुलं कुणी उपटायची नाहीत, असा सासूबाईंचा हुकूम होता आणि गावातल्या एकाही गड्याची तो मोडायची छाती नव्हती. बांबू रोवून, नायलॉनची दोरी बांधून तो कोपरा राखून ठेवायचे. पावसाळ्यात तलाव भरला की दोरी पाण्याखाली जायची आणि फुलं तिच्यावरून निघून यायची. दिवाळीपर्यंत पुन्हा सगळं हिरवं. हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे माना डोलवत आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा दोरी बांधत. मी बोलले तर सासूबाई म्हणायच्या, “त्यायची फुलं हायेत थे. माह्या पोराले त्यायनंच वापस देल्लं. तू काऊन मधात बोलते?”

फुटबॉलात त्या झाडाची केसासारखी मुळं अडकायची. मोटर नुसती घुरघुरायची, पाणी नाही. मग नवरा बनियन काढून पाण्यात उतरायचा, बुडी मारायचा, जाळी हाताने साफ करायचा. रोज. मी मोटरीच्या पेटीजवळ उभी राहून तो वर येण्याची वाट बघायची. त्याच्या बुडीबरोबर माझाही श्वास आत अडकायचा आणि तो वर आला की सुटायचा. त्याला मी हे कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर हसला असता.

त्या दिवशी त्याने बुडी मारली आणि वारा फिरला. मावळतीकडची हिरवी चादर सरकत आली आणि तो जिथून गेला होता ती मोकळी जागा झाकली गेली. मला आधी कळलंच नाही. मग ती चादर एका जागी आतून उचलल्यासारखी झाली आणि खाली बसली. मग जरा पलीकडे उचलली गेली. तो वर येत होता आणि त्याला वरच सापडत नव्हतं. मी दाताळं घेतलं आणि लुगड्यानिशी आत शिरले. मला पोहता येत नाही. जिथे उचललं जात होतं तिथे मारत सुटले, ओढत सुटले. एका फटीतून हात आला. पुढचं मला नीट आठवत नाही. काठावर तो पालथा पडला होता, तोंडावर, मानेवर ती काळी मुळं चिकटलेली. मी आधी त्याला शिव्या दिल्या, मग रडले.

मला वाटलं, आता तरी सासूबाईंचे डोळे उघडतील. झालं उलटंच. त्या उन्हाळ्यात साफसफाई करताना माणसांनी दोरी थोडी आत सरकवली होती. सासूबाईंनी तेच धरून ठेवलं. कोपऱ्याला हात लागला म्हणून आसरांनी पाय धरला, असं त्या म्हणत. मी म्हणत होते, कोपरा राखला म्हणून हे झालं. एकाच चुलीपुढे बसून आम्ही दोघी हेच बोलायचो, फिरून फिरून, तीच वाक्यं. नवरा दोघींच्या मध्ये जेवायचा आणि हात धुवून उठायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा पाण्यात उतरला, मिरची फुलावर होती. काय करणार होतो? रान सोडून जाता येत नव्हतं, पाणी सोडून रान नव्हतं, आणि पाण्यावर ती बसलेली.

मग आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखजीला गावोगावच्या लेकी माहेरी येतात. झोके बांधले गेले होते. माझ्या भावाचा फोन येऊन गेला होता आणि मी नेहमीसारखं सांगितलं होतं की तलावाच्या माणसांचं जेवण आहे, जमणार नाही. पुरण वाटताना माझा जीव नुसता जळत होता. सगळ्या जगाच्या लेकी माहेरी, आणि मी इथे. त्याच तिरमिरीत बोलून गेले.

“आत्याबाई, आसरांना कधी कुणी माहेरी बोलावतं का हो? त्यांचं फूल आपण घरी आणू. ओटी भरू, हौदात ठेवू, लाड करू. त्या घरी आल्या की कोपरा रिकामा. मग साफ करायला काय हरकत?”

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. सकाळी उठले तर म्हशींचा जुना हौद त्या स्वतः नारळाच्या काथ्याने घासत होत्या.

वाजतगाजत आणलं. पितळेच्या घमेल्यात जलपर्णीचं एक रोप, वर हिरवा खण, हळदकुंकू. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याच दुपारी माणसं कोपऱ्यात उतरली आणि संध्याकाळपर्यंत ते सात दगड पाण्यात आपलं तोंड बघत होते. पहिल्यांदाच सगळा तलाव मोकळा. मी बांधावर उभी राहून हसत होते. आपण फार हुशार आहोत, असं मला त्या दिवशी वाटलं. तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

चार दिवसांनी झोके उतरले, लेकी आपापल्या घरी गेल्या. सासूबाई हौदाच्या कठड्यावर बसून पानं कुरवाळत होत्या. मला म्हणाल्या, “आता हिचीबी बोळवण करा लागन. लेक माहेरी आली म्हंजे वापस धाडा लागते. तिच्या घरी. पान्यात.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माहेरी आणलेली लेक परत पाठवतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? सुचेल ते बोलले. म्हटलं, घ्यायला कोण आलंय तिला? जावई आल्याशिवाय लेक पाठवतात का? सासूबाई हसल्या. तोंड लय चालते तुव्हं, म्हणाल्या. पण पटलं त्यांना. घ्यायला कुणी येईपर्यंत लेक राहील, असं ठरलं.

ती राहिली. तिला पिल्लं फुटायची, हौद भरून जायचा. सासूबाई देवळात गेल्या की मी पिल्लं काढून गच्चीवर वाळत घालायची आणि आई तेवढी ठेवायची. पावसाळ्यात हौद तुंबून वाहिला तर पाणी अंगणातून नालीत, नालीतून नाल्यात आणि नाल्यातून थेट तलावात. म्हणून आभाळ आलं की मी हौदाशी. एक पिल्लू सुटलं असतं तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी तिला ‘आमची नणंद’ म्हणायला लागले. नणंद घरात असली की भावजयीला बाहेर पाऊल टाकता येत नाही, हे शेजारच्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. सगळ्या हसायच्या, मीही हसायची.

सासूबाई गेल्या त्याआधी बरेच दिवस खाटेवर होत्या. खाट हौदाकडे तोंड करून मांडायला लावली होती. शेवटी शेवटी मला जवळ बोलावलं. “तिची बोळवण राह्यली व. कोनी आलंच नाही तिले घ्याले,” म्हणाल्या. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “वाळू देऊ नोको. पोरगं रोज पान्यात उतरते.”

आता मला अडवणारं कुणी नाही. हौदाचं बूच काढायचं आणि दोन दिवस उन्हाकडे बघत बसायचं, एवढंच काम. मी शिकलेली आहे, जलपर्णी म्हणजे काय ते मला कळतं. गेल्या उन्हाळ्यात एकदा बुचाला हातही घातला होता. तेवढ्यात बांधाकडून मोटर घुरघुरल्याचा आवाज आला. जलपर्णी नसली तरी फुटबॉलात गाळ, शेवाळ काही ना काही अडकतंच. तो पाण्यात उतरत असणार. मी हात काढून घेतला. मला भीती वाटते, हे सरळ लिहिते. आसरांची वाटते की नवऱ्याच्या जिवाची, ते मला सांगता येत नाही.

पावसाळ्यात माहेरी गेले तर ती सुटेल. उन्हाळ्यात गेले तर ती वाळेल.

परवा भावाचा फोन आला. आई थकली आहे, तुझं नाव काढते, चार दिवस येऊन जा, म्हणाला. मी म्हटलं, कशी येऊ, नणंद आली आहे. “अगं, तुला नणंद कुठंय?” त्याने विचारलं. मला हसू आलं नाही. नवरा नुकताच तलावावरून आला होता, ओल्या अंगाने अंगणात उभा राहून केस पुसत होता. मी भावाला म्हटलं, तिला कुणी न्यायला आलं की लगेच निघते.