नसलेल्या मठातलं जेवण

ईश्वर मौनात भेटतो, असं इथे परदेशात आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक प्रवचनात मी ऐकलं आहे. ते सांगायला प्रवचनकारांना साधारण दीड तास लागतो. त्यामुळे माझा त्यावर फारसा विश्वास नव्हता. २००५ च्या उन्हाळ्यात आमच्या संसारात खरोखरच मौन आलं, तेव्हा तर त्यात ईश्वर कुठे दिसेना.

ह्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. आम्ही राहतो त्या शॉमबर्ग गावाजवळच्या पुनर्वसन केंद्रात थेरपिस्ट रोज येऊन ह्यांना बोलतं करायला चित्रं दाखवायची. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. समजत सगळं होतं, पण ह्यांनी प्रयत्नच सोडला होता. एके दिवशी तिने मला बाहेर बोलावून सांगितलं, "त्यांना काहीतरी मागावंसं वाटलं पाहिजे. खुणेने का होईना. नाहीतर आम्हाला थेरपी थांबवावी लागेल." मी हार मानणाऱ्यातली नव्हते. पाणी हवंय? उशी सरकवू? पडदा लावू? दिवसभर मी विचारत राहिले आणि उत्तरंही मीच देत राहिले. फोनवर हे सगळं ऐकून लेक म्हणाली, "आई, जस्ट गिव्ह हिम अ मिनिट. तू बाबांना चान्सच देत नाहीस." तुला लांबून बोलायला काय जातंय, असं मी तिला सुनावलं.

शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड मोडलेले ब्रदर ॲन्सेल्म होते. पश्चिमेला मक्याच्या शेतांत बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा एक मठ होता, त्यातले ब्रदर शेवटचे. आयुष्यभर जेवताना मौन पाळलेला हा माणूस आता त्याची भरपाई करत होता. जर्मनीहून आलेल्या साधूंनी मठ कसा बांधला, स्वतः विटा कशा भाजल्या, गाई पाळल्या, शाळा चालवली, मग नवी मुलं यायची कशी थांबली आणि एवढ्या मोठ्या चर्चमध्ये पाच म्हातारे कसे प्रार्थना म्हणत, हे मला पाठ झालं. शेवटी जमीन विकली आणि इमारती पाडल्या. मठात जेवताना एकजण ग्रंथ वाचायचा आणि बाकीचे खुणांनी वाढून घ्यायचे. बोटं जुळवून चिमूट सोडल्यासारखं केलं की मीठ.

मी म्हटलं, "माझे सासरे चातुर्मासात मौनाने जेवायचे. मीठ असंच मागायचे."

"मग आमच्या मठात त्यांना लगेच घेतलं असतं."

"त्यांनी आधी स्वयंपाक कोण करतं ते विचारलं असतं."

ब्रदर खूप हसले. हे भिंतीकडेच बघत होते.

ऑक्टोबरमध्ये ब्रदरना ती जागा एकदा बघायची होती. केंद्राने दिवसभराची परवानगी दिली आणि मी दोघांना गाडीतून घेऊन गेले. मठाच्या जागी गोल्फचं मैदान होतं. चर्च होतं तिथे पार्किंग. दफनभूमी तेवढी कुंपण घालून राखली होती. एका थडग्याशी पडलेला गोल्फचा चेंडू ब्रदरनी काठीने बाहेर ढकलला. म्हणाले, "मठाधिपतींना खेळांची फार चीड होती."

क्लबचं रेस्टॉरंट बरोबर जुन्या भोजनगृहाच्या जागेवर होतं. बसल्यावर ब्रदर म्हणाले, "इथे जेवताना आम्ही बोलत नसू. आजही नको बोलूया." त्यांच्या घरी आल्यासारखंच होतं ते, म्हणून मी मान डोलावली. ग्रंथ वाचणाऱ्याच्या जागी कोपऱ्यात टीव्ही होता. त्यावर गोल्फचा सामना चालू होता आणि समालोचकही कुजबुजत होता. सूप आलं. गरम आहे का, फुंकून देऊ का, रुमाल लावू का, असं सगळं माझ्या ओठांवर येऊन थांबलं. इतकी कठीण साधना मी आजवर केलेली नाही.

ह्यांनी डाव्या हाताने एक चमचा घेतला. थांबले. माझ्याकडे पाहिलं, मी विचारीन म्हणून वाट पाहिली असावी. मी सुपात बघत राहिले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला, डाव्या हाताची बोटं जुळवली आणि चिमूट सोडली. माझ्या लक्षात यायच्या आत ब्रदरनी मिठाची बाटली पुढे सरकवली. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मी हात पुढे केला, आणि तो परत मांडीवर ठेवला.

थेरपी चालू राहिली. शब्द यायला पुढचा उन्हाळा उजाडला, आणि सगळे आलेच नाहीत. याला कृपा म्हणावं का, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी सगळं मुठीत धरून बसले होते आणि ती मूठ एका जेवणापुरती सुटली, तीही कोणीतरी सोडायला सांगितली म्हणून. ती सुटली नसती तर मागणं कुठून बाहेर येणार होतं? ब्रदर आता त्याच कुंपणाच्या आत आहेत. त्यांना, आणि ज्याने त्यांना आमच्या शेजारची खाट दिली त्याला, मी रोज हात जोडते.

त्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी केंद्रात ह्यांचं बीपी तपासलं. वाढलं होतं.