सावनीच्या बोटांचे ठसे

सरकारी ऑफिसचं काचेचं दार दिसलं की गिरिजाची पावलं मंदावायची. कुडाळकडच्या गावातून लग्न होऊन ती ओमानात सहमला आली, त्याला चौदा वर्षं झाली होती. मासळीबाजारात ती अरबीत घासाघीस करायची, टॅक्सीवाल्याशी भांडायची, पण काउंटरपलीकडे गणवेशातलं माणूस दिसलं की जीभ टाळ्याला चिकटायची. त्याचं कारण अकरा वर्षांचं होतं आणि तिचं बोट धरून चालायचं. त्याचं नाव सावनी.

सावनी बोलत नाही. भूक लागली की फ्रिजवर डोकं टेकून उभी राहते, आनंद झाला की आईच्या कानात फुंकर मारते. पाचव्या वर्षापर्यंत ती चालतही नव्हती. गिरिजाने तिला रोज संध्याकाळी सहमच्या किनाऱ्यावर नेलं, ओल्या वाळूत पाय रोवून उभं केलं, आणि असं करता करता पोरगी एक दिवस आपली आपण सात पावलं चालली. आता ती पळतेसुद्धा. फक्त बोटं तोंडातून निघत नाहीत. दहाच्या दहा बोटांची टोकं चावून चावून गुळगुळीत झालेली, कडेने सोललेली.

नवरा शिवराम मेकॅनिकल फोरमन. दीड वर्षापासून तो लांब दुक्मच्या कामावर होता. तिथं बायकापोरांची सोय नाही, सगळे पुरुष, पत्र्याच्या केबिनमध्ये राहणारे. महिन्यातून एकदा तो सहमला यायचा. घर होतं ते यासिर खोतांच्या कापडदुकानावरच्या दोन खोल्यांत. यासिर आणि त्यांची बायको हवाबी रत्नागिरीकडचे, वीस वर्षांपासून इथले.

भीती घरात शिरली ती प्रफुल्लमुळे. प्रफुल्ल पुण्याचा इंजिनियर, शिवरामच्या जुन्या कंपनीतला. त्याने ऑस्ट्रेलियाला जायचा अर्ज केला होता. शिक्षण, अनुभव, इंग्रजी, सगळं चोख. पण मेडिकलमध्ये त्याचा मुलगा गतिमंद निघाला आणि अर्ज अख्ख्या कुटुंबाचा फेटाळला. "एका पोरासाठी चौघांना नाही म्हणाले, वहिनी," असं तो जेवताना सांगत होता, आणि गिरिजाच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली होती.

"ता ऑस्ट्रेलियाचा," शिवराम नंतर म्हणाला. "हयसर तसा काय नाय."

"तुमका कोणी सांगल्यान?"

शिवरामला कोणीच सांगितलेलं नव्हतं. तोही कोणाला विचारायला गेला नव्हता. कंपनीच्या कागदावर त्याने सावनीपुढे 'विद्यार्थिनी' लिहिलं होतं, आणि व्हिसाचं काम बघणाऱ्या माणसाला पोरगी कधी दाखवली नव्हती. न विचारलेलं बरं, असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

आता सावनीचं राहण्याचं कार्ड नवं करायचं होतं, आणि वयामुळे या वेळी बोटांचे ठसे लागणार होते. जुनं कार्ड संपायला एकवीस दिवस होते. कार्ड झालं नाही तर मायलेकींनी गाव गाठायचं. शिवराम इथं, त्या तिथं. सावनीसाठी डॉक्टर बघायचा तर गावाहून गोव्यापर्यंत जायचं, आणि बाप दोन वर्षांतून एकदा दिसायचा.

बायकांच्या काउंटरवर काळ्या पायघोळ अबायातली एक तरुण बाई होती. तिने सावनीची बोटं एकेक करून काचेवर दाबली. मशीन लाल. पुन्हा लाल. बाईने बोटं उलटी करून बघितली आणि हिंदीत विचारलं, "बीमार है ये?"

"नहीं नहीं मॅडम," गिरिजा म्हणाली. "एकदम फिट. शरमाती है."

बाईने सावनीकडे बघितलं. सावनीने जांभई दिली. बाईने फॉर्मच्या मागे अरबीत दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि म्हणाली, "बाद में लाओ." पुढचं काही ऐकायला गिरिजा थांबलीच नाही.

अरबी तिला बोलता यायचं, वाचता नाही. घरी आल्यावर तिने तो कागद भाषांतरासाठी फोनसमोर धरला. फोनला हाताने लिहिलेलं लागेना. दुक्मला शिवरामला पाठवावा तर तो कुणाला तरी दाखवणार, आणि तो कुणीतरी कंपनीचाच असणार. शेवटी ती खाली हवाबीकडे गेली. हवाबी पहाटे कुराण वाचते, म्हणजे अरबी आलंच.

हवाबीने चष्मा लावला, डोक्यावरून ओढणी घेतली आणि दोन्ही ओळी अशा सुरात म्हटल्या की गिरिजाने नकळत हात जोडले.

"म्हणजे काय, खाला?"

"अगो गिरजा, मना वाचता येता. मायना नाय कलत."

"मग एवढं गाऊन कशाला दाखवलंत?"

"तू वाच म्हनलीस ना? मी वाचलंय. आता मायना हव्या त त्यांना विचार." हवाबीने गल्ल्यावर बसलेल्या यासिरकडे हात केला.

यासिरनी कागद लांब धरला. गिरिजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "बोटं जखमी आहेत, ठसा येत नाही. आई म्हणते आजार नाही. बोटं बरी झाल्यावर परत घ्या," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच. का, अजून काय लिहायला हवं होतं?"

गिरिजा जिना चढून वर आली आणि पायरीवरच बसली. आजार नाही, हे तिचंच खोटं आता सरकारी शिक्क्याखाली लिहिलेलं होतं. परत जाऊन खरं सांगावं तर पहिलं खोटं पकडलं जाणार. मग राहिलं काय? बोटं बरी करायची.

तिने कारल्याचा रस लावला. सावनीने तो चाटून साफ केला आणि अजून हवा म्हणून हात पुढे केला. हातमोजे घातले, ते दोन दिवसांत चावून फाटले. कडुलिंब झालं, कोरफड झाली. रात्री खोबरेल लावून तिची बोटं मुठीत धरून गिरिजा झोपायची, पण दिवसा स्वयंपाक कोण करणार, कपडे कोण धुणार? पाठ वळली की बोट तोंडात. पंधरा दिवस उरले.

मग ती खाली गेली आणि हवाबीकडे मऊ सुती पट्टी मागितली. "बोटांना गुंडाळायला," म्हणाली. हवाबीने चांगली दोन हात पट्टी कापून दिली, पैसे घेतले नाहीत.

गिरिजाने त्या पट्टीने सावनीची दोन्ही मनगटं एकत्र बांधली आणि दुसरं टोक तिच्याच कमरेला, हात तोंडापर्यंत पोचू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी तासभरच. सावनी ओरडली नाही. ती नुसती बघत राहिली, पट्टीकडे, मग आईकडे, मग परत पट्टीकडे. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळभर. चौथ्या दिवसापासून उजाडल्यापासून मावळेपर्यंत. भरवायची गिरिजाच. किनारा बंद झाला. हवाबीने दार वाजवलं की ती आतूनच सांगायची, "झोपली आहे हो." कोणाच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला तरी ती दाराची कडी तपासायची. कोणी बघितलं तर? पोलिसांना सांगितलं तर? जे होऊ नये म्हणून ती हे करत होती, तेच यातून होईल की काय, असं मनात यायचं आणि ती गाठ आणखी नीट करायची.

शिवराम जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ लावायचा. "काय गो, बोटां कशी आसत?"

ती फोन अगदी जवळ धरायची. स्क्रीनभर नुसती बोटांची टोकं.

"रेषा दिसतत मगे!" तो खूश व्हायचा. "कसा काय जमवलंस?"

"जमला. तुमी त्या दिसाक येतलास?"

"रजा नाय मेळाची. प्लांटाचा शटडाउन असा, दुरुस्तीचा काम. तू भिया नको."

कसं जमवलं ते त्याने परत विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी बोटांना नवी कातडी होती, गुलाबी, त्यावर बारीक रेषा. गिरिजाने पट्टी सोडली, सावनीला लांब बाह्यांचा फ्रॉक घातला आणि हवाबीला बरोबर घेतलं. यासिरनी आपली गाडी आणि दुकानातला ड्रायव्हर दिला.

काउंटरवर तीच बाई होती. तिने फॉर्म उलटून स्वतःच्याच दोन ओळी वाचल्या, सावनीकडे बघून हसली आणि म्हणाली, "यल्ला, चलो, हाथ दो."

सावनीने हात दिले. काचेवर नाही ठेवले. दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवून, अगदी शिस्तीत, तिने ते बाईपुढे धरले आणि वाट बघत उभी राहिली. बाह्या मागे सरकल्या. मनगटांवर पट्टीएवढे लाल पट्टे होते.

हवाबीने त्या पट्ट्यांकडे बघितलं, मग गिरिजाकडे.

"ये क्या है?" बाईने विचारलं.

खेळताना झालं, असं सांगायचं गिरिजाने गाडीत ठरवून ठेवलं होतं. ते तोंडातून निघालंच नाही.

"मैं बाँधती थी," ती म्हणाली. "फिंगर खाती है. इसको समझता नहीं मॅडम, जन्म से. मैं झूठ बोली उस दिन. आप लिखना मत. हमको भेजना मत. इसका बाप इधर है."

बाई उठली आणि फॉर्म घेऊन आत गेली. गिरिजाने सावनीला पोटाशी धरलं. आतल्या दारातून आता कोण कोण बाहेर येईल, ते तिला एकेक करून दिसत होतं. गणवेशातला माणूस. दुसरा गणवेशातला माणूस. विमानाचं तिकीट. हवाबी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती, या वेळी सूर न लावता.

बाई एकटीच आली. तिने काउंटरला वळसा घातला, सावनीसमोर उकिडवी बसली, एक हात हळूच सोडवला आणि स्वतःच्या हातात धरून काचेवर ठेवला. मशीन हिरवं झालं. दुसरा हात. हिरवं.

"पहले बोलती, तो डॉक्टर का लेटर चलता था," ती उठताना म्हणाली. "फिंगर की ज़रूरत नहीं थी."

गिरिजाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने घाईघाईने विचारलं, "आपने लिखा क्या? कम्प्यूटर में? ये ऐसी है करके?"

"लिखने का जगह ही नहीं है इसमें."

"दिखाओ ना मॅडम."

बाईने स्क्रीन तिच्याकडे वळवला. गिरिजा वाकून ओळ न् ओळ बघत राहिली. उजवीकडून डावीकडे, वरून खाली. तिला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, तरी सावनीचा फोटो तेवढा ओळखू आला. मागून कोणीतरी खोकलं. बाईने स्क्रीन परत फिरवला आणि नवं कार्ड काउंटरवर ठेवलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. गाडी वीस पावलांवर होती. गिरिजाने सावनीचा हात धरून ओढला, तर सावनी हलेना. तिने हात सोडवून घेतला, मनगटं परत जोडली आणि आईपुढे धरली.

"खलास, बाय. झाला आता. चल."

सावनी उभी. गिरिजाने हात वेगळे केले, तिने जोडले. परत वेगळे केले, परत जोडले. लोक वळून बघायला लागले.

हवाबी गाडीचं दार उघडून उभी होती. तिची नजर त्या मनगटांवर होती.

गिरिजाने आपल्या ओढणीचं टोक घेतलं, सावनीच्या मनगटांवरून एकदा नुसतं फिरवलं, गाठ मारली नाही. मग सावनी चालायला लागली.