रेघ नसलेला ठिपका

कागदोपत्री बुधाजी शिपाई होता. पण परळच्या त्या साथरोग कार्यालयात डोकं चालवणारी जी दोन-तीन माणसं होती, त्यांतला एक तो होता, आणि हे तिथल्या एकाही साहेबाने कधी कबूल केलं नाही. रात्रशाळेत भूमितीत पैकीच्या पैकी मिळवून इंग्रजीत आपटी खाल्लेला माणूस. त्याच्या नशिबी फायली हलवणं आलं.

अठ्ठावन्न साली देवीची साथ आली तेव्हा डॉक्टर वेलणकरांना त्याच्या भूमितीची आठवण झाली. डॉक्टरांनी विलायतेहून ग्राफ थिअरीचं पुस्तक मागवलं होतं. गणिताचीच एक शाखा, पण आकडेमोड फारशी नाही. ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेघा, बस्स.

"रसायनवाले रेणू असेच मांडतात, वीजवाले तारांची जाळी अशीच सोडवतात," डॉक्टर म्हणाले. "आपण घरं मांडू. एक घर म्हणजे एक ठिपका. एका घरचं माणूस दुसऱ्या घरी बसलं, चहापाणी झालं, की एक रेघ. रोग रेघेवरून चालतो, बुधाजी."

बुधाजीच्या ते लगेच गळी उतरलं. दिवसभर घरं पालथी घालायची, संध्याकाळी कागदावर उतरवायचं. कचेरीतले कारकून त्याला 'काय रे, आज किती ठिपक्यांची रांगोळी?' म्हणून चिडवत. आठ दिवसांत चित्र तयार झालं. एक झुबका माहीमच्या कोळीवाड्यात, दुसरा लालबागच्या चाळींत, आणि दोन्हींना धरून ठेवणारा मधे एकच ठिपका.

"हा पुसला साहेब, तर चित्राचे दोन तुकडे होतात."

डॉक्टरांनी पुस्तक उघडलं. असल्या ठिपक्याला तिथे स्वतंत्र नाव होतं. बुधाजीने ते न वाचताच शोधलं होतं, पण डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले.

तो ठिपका म्हणजे मंजुळा कोळणीचं घर. माहीमहून म्हावऱ्याची पाटी घेऊन ती रोज लालबाग-परळ फिरायची. लहानपणी टोचलेलं असल्याने तिला देवी अगदी हलक्या आल्या होत्या. कपाळावर चार पुटकुळ्या, त्याही घामोळ्या म्हणून पदराखाली झाकलेल्या. ती ज्या ज्या घरी टेकली, ती घरं आता धोक्यात होती. लस तुटपुंजी होती. मंजुळेपर्यंत रेघ पोचते त्या घराला आधी टोचायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा नियम ठरला.

बुधाजीला स्वतःच्या घरासाठी ती रेघ हवी होती. बायको, बकुळा, सातव्या महिन्यात होती आणि तिला कधीच टोचलेलं नव्हतं. गावी देवी टोचणारा आला तेव्हा आईने तिला कणगीत लपवलं होतं. मंजुळा त्यांच्याही चाळीत मासे विकायची.

कोळीवाड्यात चारचौघींत त्याने मंजुळेला विचारलं, "परळला बौद्धांच्या चाळीत कुणाकडे बसतेस का?"

तिने शेजारणींकडे पाहिलं. "त्यांच्या घरान? मी? उंबऱ्याभायेरून म्हावरा देते न् जाते."

बायका फिदीफिदी हसल्या. दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या बुधाजीने ते हसणं ऐकत 'नाही' असं लिहिलं.

घरी येऊन त्याने बकुळेलाही विचारलं. "खरं सांग. पोरासाठी विचारतोय. मंजुळा बसते आपल्याकडं?"

"न्हाय वो," बकुळा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "ती कशाला बसंल आपल्याकडं?"

त्याला खोटी रेघ ओढता आली असती. बोटभर लांबीची तर होती! पण लोक म्हणतील, आपल्या माणसांची सोय केली. शास्त्राच्या कामात हात लावायला मिळाला तर पहिली बेइमानी यानेच केली. ही भीती असल्याच माणसाला असते. वेलणकरांना ती कधी शिवली नसती.

त्या आठवड्यात लालबागहून मोठा मोर्चा निघाला. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, म्हणून बुधाजीही घसा बसेपर्यंत ओरडला. मराठी बोलणारे सगळे एक. चहा तेवढा सोडून.

त्या विचारपुशीनंतर तेराव्या दिवशी बकुळेला ताप भरला. साथीच्या दवाखान्यात अंगभर फोड उठलेले असताना तिने सांगितलं, "ती रोज दुपारी यायची. दार लावून बसायचो. चहा प्यायची, माझं पाय चेपून द्यायची. कुणाला सांगितलंस तर पोटातल्या पोराची शपथ, म्हनाली. मग मी कशी सांगू?"

चौथ्या दिवशी बकुळा गेली. मूल पोटातच गेलं.

बुधाजी डॉक्टरांना घेऊन पुन्हा कोळीवाड्यात गेला. आधी त्याने मंजुळेला एकटीला गाठलं. बकुळेचं ऐकून ती पदर तोंडात कोंबून रडली. रडणं खरं होतं.

"एवढं साहेबांना सांग," बुधाजी म्हणाला. "चाळीतल्या बाकीच्यांना तरी लस मिळंल."

"माझ्या लेकीचं लगीन ठरलंय, भाऊ. वाड्याला कललं तर मोडंल."

डॉक्टरांपुढे, शेजारणींपुढे ती कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "मी कोनाच्या घरान बसत नाय. ही बकुला कोन?"

बुधाजीच्या मनात आलं, तिची पाटी उचलून खाडीत भिरकावावी. पण तो जागचा हलला नाही.

परत येताना डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझं दुःख मी समजू शकतो, बुधाजी. पण बायको मरताना बोलली तो पुरावा होत नाही. उद्या कुणीही कसलीही रेघ ओढेल. हे शास्त्र आहे."

डॉक्टरांचा लेख विलायतेच्या मासिकात जायचा होता. त्यासाठी चित्र काळ्या शाईत काढायला कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. बुधाजीने एक्केचाळीस ठिपके काढले, रेघा जोडल्या. मग डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर, बेचाळिसावा ठिपका काढून त्याखाली डॉक्टरांनी दिलेले शब्द लिहिले: संबंध आढळला नाही. शाई वाळल्यावर कागद टेबलावर नेऊन ठेवला.

डॉक्टरांनी चष्मा वर सारून तो नीट पाहिला.

"छान," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ आलंय."