पुरेल एवढा तुकडा

रोज सकाळी चहाच्या आधी उस्तादला खिडकीपाशी उभं राहावं लागे. बायको समोर येऊन टाचा उंचवायची, अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढायची आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात काहीतरी बारीक अक्षरांत छापलं असावं तशी टक लावून बघायची. मग दुसरा डोळा. मग एक "हं". तो "हं" आल्याशिवाय त्या घरात चहाचं भांडं गॅसवर चढत नसे.

"अगं, दीड वर्ष झालं ऑपरेशनला," तो कुरकुरायचा. "आता तरी चहा आधी, तपासणी नंतर."

"वर बघा," ती म्हणायची.

उस्ताद हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, म्हणून शेजारच्या गॅरेजवाल्यांनी ते त्याला चिकटवलं होतं. अंगाने धिप्पाड, आवाज खणखणीत आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. बायको त्याच्या अगदी उलट. मूठभर शरीर, मोजकं बोलणं. दोघं रस्त्याने निघाली की कपाटाशेजारी स्टूल चाललंय असं तोच म्हणायचा, आणि स्वतःच आधी हसायचा.

ती रंगाच्या दुकानात कामाला होती. तिथे तिला सगळे काकू म्हणत, मालकसुद्धा. छापील पुस्तकातला रंग हवा असेल तर त्याला यंत्र होतं. पण कुणी जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणला, की "हुबेहूब असाच पाहिजे" म्हणणाऱ्या त्या माणसाला मालक बोटाने काकूंचं टेबल दाखवायचा. ती पोपडा घेऊन आधी दारात जायची, कारण ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो असं तिचं ठाम मत. मग पांढऱ्यात थेंब थेंब रंग सोडायचा, ढवळायचा, पुठ्ठ्यावर एक फटकारा मारून तो वाळवायचा, आणि पुन्हा दारात. वीस वर्षांत तिच्या हातचा डबा कुणी परत आणला नव्हता. बाईने त्याची कधी बढाई मारली नाही; तिच्या वतीने ते काम उस्ताद करायचा.

उस्तादचं यकृत निकामी झालं तेव्हा निम्म्या जगाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. त्याने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. चरबी साचत गेली, यकृत आतून घट्ट होत गेलं आणि कळेपर्यंत फार उशीर झाला. "न पिताच पिणाऱ्याचा आजार झाला, म्हणजे मजा त्यांची आणि सजा माझी," तो दवाखान्यातल्या गादीवरून सांगायचा. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवणं हा एकच इलाज उरला होता. मुलगी पोटुशी होती, भावाचा रक्तगट जुळला नाही. तेव्हा ही पुढे झाली आणि पिशवी उचलून द्यावी तशा आवाजात म्हणाली, "माझं घ्या."

मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. घेणारा हा एवढा, देणारी ही एवढीशी. त्यांनी मापं काढली, पुन्हा काढली आणि शेवटी म्हणाले, तुकडा जरा लहान पडेल, पण पुरेल.

पुरला, पण सहजासहजी नाही. ऑपरेशननंतर बाकीच्या पेशंटांचे डोळे आठवड्याभरात निवळत होते. उस्ताद मात्र पिवळाच राहिला. पोटात पाणी भरलं. दुसरा आठवडा गेला, तिसरा लागला. ती स्वतः टाक्यांनी वाकलेली, तरी एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने पोट धरून रोज त्याच्या खोलीत यायची, त्याला खिडकीकडे तोंड करायला लावायची आणि पापणी ओढून बघायची. कुणाशी काही बोलायची नाही. मग एके दिवशी तो पिवळेपणा उतरायला लागला, आणि हळूहळू पार गेला. उस्ताद घरी आला, पुन्हा मशीनवर बसला, पुन्हा गॅरेजवाल्यांचं डोकं खाऊ लागला. पापणी ओढणं तेवढं मागे राहिलं.

तो त्याचीही गंमत करायचा. "बायकोने मला राहायला जागा दिलीय," तो सांगायचा, "आणि भाडेकरू घर नीट ठेवतो की नाही ते बघायला रोज सकाळी मालकीणबाई येतात." गॅरेज हसायचं. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, उस्ताद, तब्येत कशी आहे? मुलगी फोनवर पहिलं वाक्य बोलायची ते "आई, बाबा कसे आहेत?" आणि ही म्हणायची, "छान आहेत गं." हिच्याही यकृताचा मोठा भाग कापून काढला होता, ही गोष्ट लोक विसरूनच गेले. खरं सांगायचं तर उस्तादही विसरला होता. माणूस वाईट नव्हता, पण आजारपणात सगळ्यांनी आपल्याकडेच बघायची सवय लागली, की ती चटकन सुटत नाही.

दवाखान्यात एक संशोधन चाललं होतं. लहान तुकडा काही माणसांत नेटाने वाढतो आणि काहींत सुरुवातीलाच दमतो, असं का, आणि तो दमू नये म्हणून काय करावं, याचा शोध. त्यासाठी घेणारा आणि देणारा, दोघांनाही दर काही महिन्यांनी बोलवत. उस्ताद इमानेइतबारे जायचा. ती एकदाही गेली नव्हती. "मला काय धाड भरलीये?" ती म्हणायची. "तुमचं नीट दाखवून या. आज दुकानात माल उतरायचाय." दुकानात माल फारच वेळा उतरायचा.

मग एका दुपारी रंगाच्या दुकानाचा मालक उस्तादच्या वर्कशॉपमध्ये आला. हा माणूस कुणाच्या वाटेला जाणारा नव्हता. तो बराच वेळ रेक्झिनच्या गुंडाळ्या चाचपत राहिला.

"उस्ताद, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोलल्याशिवाय कसं कळणार?"

मालकाने खिशातून पुठ्ठ्याचे दोन तुकडे काढून शिलाई मशीनवर ठेवले. एकाला भिंतीचा पोपडा चिकटवलेला, साय धरलेल्या दुधासारखा उबदार. दुसऱ्यावर काकूंनी जुळवलेला रंग. तो पाणी घातलेल्या दुधासारखा निळसर पांढरा होता.

"हे तिने केलं?" उस्तादने विचारलं.

"या महिन्यात तीन डबे परत आले. मी गुपचूप बदलून दिले. त्यांना सांगायची माझी हिंमत नाही."

उस्ताद हसला. "अहो, चष्म्याचा नंबर वाढला असेल. उद्याच नेतो."

"चष्मा नाही हो. करडा अचूक जुळवतात, निळा जुळवतात, विटकरी तर डोळे मिटून करतील. पिवळा टाकायचा असला की तेवढंच चुकतं. हात आखडतो त्यांचा."

मालक गेल्यावर उस्तादने मशीन चालू केलं आणि लगेच बंद केलं. त्या दिवशी गॅरेजवाल्यांना शेजारून काही ऐकू आलं नाही. दोघं-तिघं डोकावून विचारून गेले, बरं आहे ना?

दुसऱ्या दिवशी तो दुकानासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस लपणार कुठे, तरी एका टेम्पोच्या आडोशाने तो बघत होता. ती दारातल्या उजेडात बसली होती. पोपडा डोळ्यांशी धरला, खाली ठेवला. पिवळ्याची बाटली उचलली. एक थेंब टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्यासाठी बाटली तिरकी केली आणि हात तसाच हवेत थांबला. तिने बाटली सरळ करून बूच लावलं. त्या क्षणी तिचा चेहरा कसा होता ते उस्तादला शब्दांत सांगता आलं नसतं, पण ओळखता मात्र आला. रोज सकाळी तो चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असायचा. तो वर छताकडे बघत असायचा, म्हणून त्याला कधी दिसला नव्हता.

ही बाई दीड वर्ष घाबरलेली आहे आणि आपण तिच्यावर विनोद करतोय, एवढं त्याला कळलं. भाडेकरूचा विनोद आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरी जाऊन तो धडधडीत खोटं बोलला. "दवाखान्यातून निरोप आलाय. या वेळी देणारा आला नाही, तर घेणाऱ्यालाही तपासणार नाहीत. माझं नाव कापतील."

"असं कसं कापतील?"

"नियम आहे म्हणे."

तिने भाजी निवडायचं थांबवलं. मग म्हणाली, "किती वाजता जायचंय?"

संशोधनाचं काम बघणारी डॉक्टर तरुण होती. उस्तादची तिच्याशी चांगली गट्टी होती. तिने आधी त्याला टेबलावर घेतलं, पोटावर गार जेल लावून सोनोग्राफी केली. बायको कोपऱ्यात उभी राहून पडद्याकडे बघत होती, श्वास धरून.

"एकदम झकास," डॉक्टर म्हणाली. "आता काकू, तुम्ही."

"मी? मला कशाला?"

"कारण तुम्हीही पेशंट आहात. आणि दीड वर्ष आम्हाला हुलकावणी देताय."

तिने चपला काढल्या. त्या टेबलाखाली कुणाच्या पायात येतील म्हणून उस्तादने उचलून हातात धरल्या आणि तसाच उभा राहिला. तिने कुर्ता वर केला. घरात त्याने तो व्रण पाहिला नव्हता असं नाही. पण दवाखान्याच्या त्या लख्ख दिव्याखाली त्याला तो पहिल्यांदा नीट दिसला. त्याच्याही पोटावर तसाच होता, पण त्याच्या पोटावर जागा बक्कळ होती. तिच्या पोटावर व्रण सोडून फारसं काही उरलंच नव्हतं.

"हे बघा," डॉक्टर पडदा फिरवत म्हणाली. "छान भरून आलंय. कामावर जाता?"

"जाते."

"झोप लागते?"

"यांना आता चांगली लागते."

"तुम्हाला विचारतेय."

"भूकही लागते यांना. वजन वाढलंय थोडं."

डॉक्टरने हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. तिला घाई दिसली नाही. एरवी असल्या शांततेत उस्तादने दहा वाक्यं टाकली असती. आज तो हातातल्या चपलांचे पट्टे सरळ करत राहिला.

"डॉक्टर," बायको छताकडे बघत म्हणाली, "मी कमी दिलं होतं का?"

"म्हणजे?"

"हे किती दिवस पिवळे राहिले. बाकीचे सगळे बरे होऊन घरी गेले. माझंच कमी पडलं ना? आताही मला तेच वाटतं, की एक दिवस ते दमेल आणि हे पुन्हा पिवळे होतील. दुकानातसुद्धा पिवळी बाटली हातात घेतली की..." तिने वाक्य सोडून दिलं.

डॉक्टर स्टूल ओढून तिच्या डोक्याशी बसली. "नीट ऐका हं. तुकडा लहान होता, हे खरं. पण त्रास झाला तो मुख्यतः रक्ताच्या लोंढ्यामुळे. एवढ्या मोठ्या शरीराचं रक्त त्या एवढ्याशा तुकड्यावर एकदम आदळलं. हमरस्त्याची सगळी वाहतूक गल्लीत घुसावी तसं. तरी तुमच्या तुकड्याने ते झेललं, आणि नंतर वाढून तो या माणसाच्या मापाचा झाला. आता आम्ही ऑपरेशन चालू असतानाच लोंढा मोजतो, आणि फार असला तर तिथेच कमी करतो. यांच्यासारख्या पेशंटांमुळेच ते शिकलो. या वर्षी तुमच्यासारख्या लहान चणीच्या बायकांचे तुकडे घेतलेली माणसं लवकर निवळली."

"पण मोठा तुकडा घेतला असता तर हे सगळं झालंच नसतं."

"मोठा घेतला असता, तर तुमच्याकडे उरलेला तुम्हाला पुरला नसता, काकू. तुम्हीच वाचल्या नसता."

"ते माहीत होतं मला," ती म्हणाली. "मी मोठ्या डॉक्टरांना तेच म्हटलं होतं. यांचं शरीर मोठं आहे, लागेल तेवढं घ्या, माझा विचार करू नका. ते केवढे ओरडले माझ्यावर. मी अजून थोडा हट्ट करायला हवा होता."

उस्तादला ही गोष्ट कुणी कधी सांगितली नव्हती. त्याला आधी राग आला, अगदी खराखुरा, कानशिलं तापवणारा राग, आणि तो कुणाचा आहे हे त्याला कळेना. मग त्याच्या डोळ्यांसमोर आपलं घर आलं. तो त्या घरात धडधाकट बसला होता आणि आत दुसऱ्या खोलीत कुणी नव्हतं. हातातल्या चपला छातीशी धरून तो टेबलाजवळ आला.

"आणि मग," तो म्हणाला, आणि त्याचा तो खणखणीत आवाज मध्येच फुटला, "बरा होऊन मी घरी जाऊन भांडलो असतो कुणाशी गं?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ऑपरेशनच्या आधी ती रडली नव्हती, तो पिवळा पडलेला असताना रडली नव्हती, घरी आल्यावरही नाही. आता ती पोटावरच्या जेलसकट, कुर्ता वर केलेला तसाच ठेवून, लहान मुलीसारखी हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टर टॉवेल आणते म्हणून बाहेर गेली. टॉवेल टेबलावरच होता. उस्तादला तिचे डोळे पुसायचे होते, पण त्याने ते पुसले नाहीत, तिला गप्पही केलं नाही. तो नुसता तिच्याजवळ उभा राहिला आणि तिला पोटभर रडू दिलं.