तुरीवरची न मरणारी अळी

लग्न होऊन माझी बायको आमच्या गावी, माकणीला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांखाली जीवशास्त्राची पुस्तकं होती. सून बी.एस्सी. झालेली म्हणून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठं कौतुक. पण त्या शिक्षणाचा शेतात काही उपयोग होईल असं त्यांना किंवा मला कधी वाटलं नव्हतं.

एका वर्षी तूर चांगली डोक्याएवढी उंच वाढली, फुलांनी पिवळी झाली आणि शेंगा धरायच्या वेळेला अळी पडली. आम्ही दर सालचंच औषध फवारलं. अळ्या शेंगेत डोकं खुपसून तशाच. परत फवारलं, तरी तेच. अण्णा चिडले.

"दुकानदारानं भेसळीचं औषध दिलंय. उद्या जाऊन त्याला जाबच इचारतो."

ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "मामा, थोडं थांबता का? औषध खोटं असंल तर घरीच कळंल."

तिचं माहेर वाशीकडं, डोंगराच्या कडेला. तिचा भाऊ घरापुरती तूर लावतो आणि तिच्यावर कधीच काही फवारत नाही. तिथल्या अळ्या आणायला तिनं मला पाठवलं. मोटारसायकलवर अळ्यांचे डबे बांधून आणताना, रस्त्यात कुणी विचारलं तर काय सांगावं, याचीच मला चिंता होती.

गोठ्याजवळच्या पडवीत तिनं चहाचे प्लास्टिकचे कप मांडले. एका कपात एकच अळी, वर फडकं. "एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात," ती म्हणाली. एका बाजूला आमच्या शेतातल्या अळ्या, दुसऱ्या बाजूला तिच्या माहेरच्या. हातमोजे घालून तिनं त्याच बाटलीतलं औषध पाण्यात कालवलं, त्यात शेंगा बुडवून वाळवल्या आणि सगळ्यांना सारख्याच घातल्या. अण्णा येता-जाता वाकून बघायचे.

माहेरच्या अळ्या जवळजवळ सगळ्या मेल्या. आमच्या बहुतेक खात बसल्या होत्या.

"म्हंजी औषध खरं हाय," अण्णा म्हणाले. "आपल्या अळीला त्याची सवय झालीया."

"सवय नाही, मामा." तिनं दोन कप उचलून त्यांच्यापुढं धरले. "ही बघा हिरवी, ही तपकिरी. एका जातीच्या असून सारख्या नाहीत. आतूनबी तसंच असतं. पहिल्यांदा फवारलं तवा एखाद-दुसरी जन्मतःच अशी होती, की तिला औषध बाधलं नाही. बाकीच्या मेल्या, त्यांचा वंश तिथंच थांबला. जी वाचली तिचं पाखरू झालं, तिनं अंडी घातली, पोरं तिच्यावर गेली. आपण दर साली तेच औषध मारलं आणि दर साली तसल्याच मागं ठेवल्या."

"म्हंजी ह्या आपणच निवडल्या?"

"निवडल्या. ठरवून नाही, एवढंच."

अण्णांनी तिच्या हातातले दोन्ही कप घेऊन उजेडात धरले. मग त्यांनी विचारलं, "मग माणूस माकडापासून झाला म्हणत्यात, ते बी आसंच का?"

"आसंच, पण कोट्यवधी वर्षं लागली. आणि आजच्या माकडापासून नाही. त्यांचा आणि आपला मूळपुरुष एक. ती आपली चुलत घरं म्हणा."

"आन् ही अळी?"

"तीबी भावकीतलीच. लई लांबची."

अण्णा हसले. "भावकीच हाय. उगं न्हाय शेतात वाटा मागत."

दुकानदाराकडं जाणं राहून गेलं. तिच्या सांगण्यावरून आम्ही ते औषध बंद केलं. झाडाखाली जुनी लुगडी अंथरून तूर हलवली, पडलेल्या अळ्या कोंबड्यांना घातल्या. अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला शेतात काठ्या रोवल्या. शेवटी एकदाच फवारलं, तेही वेगळ्या प्रकारचं औषध. थोडी तूर गेली, पण बरीच पदरात पडली.

लहानपणापासून मी त्या अळीकडं फक्त नुकसान म्हणून बघत आलो होतो. बायकोमुळं मी पहिल्यांदा एक अळी तळहातावर घेऊन नीट पाहिली. अंगावरचे बारीक पट्टे, तुरळक केस, शेंगेवर घट्ट बसणारे पाय. इतका जुना जीव, आणि आमच्या डोळ्यांदेखत बदलत होता.

आता गावात कुणाचं औषध चाललं नाही की अण्णा त्याला घरी घेऊन येतात. "सूनबाईला इचार," म्हणतात आणि स्वतः शेजारी बाज ओढून बसतात. ती हातातलं काम बाजूला ठेवून पहिल्यापासून समजावून सांगते. मीही तिथंच रेंगाळतो. माझी बायको बोलत असते आणि सगळे ऐकत असतात, ते मला फार आवडतं.